रुखवतातला समुद्र

लग्नाच्या रुखवतात क्रोशाचं काम हमखास असतं. दाराचं तोरण, टीव्हीवर घालायचा रुमाल, तांब्यावरची जाळी, लोकरीचा ससा. पाहुणे क्षणभर थांबतात, ‘मुलीच्या हातात कला आहे हो’ म्हणतात आणि पंगतीकडे वळतात. त्या वाक्यातल्या ‘कला’ शब्दाचा अर्थ ‘रिकामा वेळ बरा घालवते’ एवढाच असतो. त्यात कुणाला गणित दिसत नाही. समुद्र तर नाहीच नाही.

२००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी हीच सुई घेऊन प्रवाळभित्ती, म्हणजे कोरल रीफ, विणायला घेतली. मार्गारेट विज्ञानलेखिका, क्रिस्टीन कवयित्री आणि कलेची शिक्षिका. दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ ज्या किनाऱ्याला आहे त्या राज्यातल्या. ती भित्ती पांढरी पडत चालल्याच्या बातम्या त्या वाचत होत्या. घरात सुरू झालेलं हे काम ‘क्रोशे कोरल रीफ’ या नावाने देशोदेशी पसरलं. शहराशहरांत लोकांनी आपापल्या भित्ती विणल्या. विणणाऱ्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. २०१९ मध्ये हे काम व्हेनिस बिएनालेत मांडलं गेलं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या फ्रीडर बुर्डा संग्रहालयात सुमारे चार हजार जणांनी विणलेली चाळीस हजारांवर प्रवाळं एकत्र आली.

कलावंत आणि वैज्ञानिकांनी मिळून समुद्रासाठी काय केलं, ही चर्चा निघाली की या कामाचं नाव येतंच. मला ते सोलापूरच्या भवानी पेठेत उभं राहून बघायचं आहे. ही मागांची पेठ. पद्मशाली विणकरांची, तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारी, चादर आणि टॉवेलवर पोट असलेली. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण काम धाग्याचं आहे, तर ते धाग्याच्या गावात पारखून घ्यायला काय हरकत आहे?

झालर झाली, उसव

आधी या कामातलं विज्ञान कुठे आहे ते पाहू.

क्रोशाने सपाट गोल विणताना प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात. साध्या टाक्याचा गोल असेल तर फेरीला साधारण सहा. त्याहून कमी वाढवले की गोल आत ओढला जातो आणि टोपी तयार होते. जास्त वाढवले की कड लाटांसारखी दुमडायला लागते. मग शिकवणारी मावशी म्हणते, ‘झालर झाली बघ, उसव.’

ज्याला मावशी चूक म्हणते तो आकार समजून घ्यायला गणितज्ञांना शतकं लागली. एका बिंदूतून दिलेल्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडच्या भूमितीत गृहीत आहे. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोयाय यांनी दाखवलं, की अशा असंख्य रेषा निघतील अशीही एक सुसंगत भूमिती असू शकते. तिला हायपरबोलिक भूमिती म्हणतात. कागदावर ती सिद्ध झाली, पण हातात धरता येईना. कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेली प्रतिकृती हाताळली की फाटायची. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटव्हियन गणितज्ञ डायना टायमिना यांनी क्रोशाची सुई उचलली. नियम एकच: दर ठरावीक टाक्यांमागे एक टाका जास्त, आणि हे प्रत्येक ओळीत. चक्रवाढ व्याजासारखी कड वाढत जाते, जागा मिळेना म्हणून वळ्या घालते आणि हायपरबोलिक पृष्ठभाग मांडीवर येऊन बसतो. त्यावर रंगीत दोऱ्याने रेषा शिवायच्या आणि समांतर रेषांचा गोंधळ बोटांनी तपासायचा.

निसर्गाला हा आकार जुनाच ठाऊक होता. कमी जागेत जास्त पृष्ठभाग हवा असला की तो झालर घालतो. आपल्या अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाची कड बघा. समुद्रात तर प्रवाळ, शैवाल, समुद्री गोगलगायी, सगळीकडे हीच झालर आहे. वर्थाइम भगिनींनी टायमिनांचा नियम घेतला आणि मोडायला सुरुवात केली. टाके कुठे लवकर वाढवले, कुठे उशिरा, मध्येच रंग बदलला, मध्येच थांबल्या. नियम तंतोतंत पाळला तेव्हा गणिताची प्रतिकृती मिळत होती. सैल केला तेव्हा एकदम जिवंत वाटणारं काहीतरी मिळालं. नियम थोडा, विविधता अमाप.

या कामाचं मोठेपण मला इथे दिसतं. ते समजण्यासाठी शेजारी दुसरं एक प्रसिद्ध काम ठेवू. ओलाफुर एलियासन हा कलावंत आणि मिनिक रोसिंग हा भूवैज्ञानिक यांनी ग्रीनलँडच्या फियोर्डमधले बर्फाचे प्रचंड तुकडे शहराच्या चौकात आणून ठेवले. २०१४ मध्ये कोपनहेगन, २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या वेळी पॅरिस, २०१८ मध्ये लंडन. लोकांनी बर्फाला गाल लावले, फोटो काढले, बर्फ वितळला. ‘आइस वॉच’ थरारक आहे, पण त्यात ज्ञान आधीच तयार होतं. कलेने ते उचलून चौकात आणलं. क्रोशाच्या बाबतीत मात्र सुई बाजूला केली, तर गणिताला तो पृष्ठभाग पुन्हा कागदावरच ठेवावा लागेल. तिथे हात वैज्ञानिकाच्या आलेखात रंग भरत नाही, हात स्वतः विचार करतो. आणि हा विचार रुखवतातल्या हातांना येत होता, फक्त त्याचं नाव कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पांढऱ्या रंगाची अडचण

कौतुक इथवर. आता खटकणाऱ्या गोष्टी.

हे काम गणिताशी जितकं घट्ट बांधलेलं आहे तितकं समुद्रविज्ञानाशी नाही. प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि भाडं म्हणून प्रवाळाला देतं. प्रवाळाचे रंग मुख्यतः या भाडेकरूचे. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं. मग आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेवर थंड झालं तर ते सावरतं. नाही झालं तर मरतं, आणि मेलेल्या सांगाड्यावर काही दिवसांतच तपकिरी-हिरवट बुरशीसारखं शैवाल चढतं.

वर्थाइम भगिनींनी विरंजनाची भित्तीही विणली आहे, पांढऱ्या आणि फिक्या धाग्यांची. ती फार सुंदर दिसते. तीच अडचण आहे. पांढरा क्रोशा आपल्या डोळ्याला लेस वाटतो, नव्या नवरीच्या पेटीतला. त्यात भूक दिसत नाही आणि पुढचा बुळबुळीत तपकिरी टप्पा तर येतच नाही. मरणाच्या सर्वात देखण्या क्षणाशी काम थांबतं. जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी उष्ण प्रदेशातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील, दोन अंशांवर जवळपास सगळीच, असं आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालात आहे. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं. हे आकडे डोक्यात ठेवून ती पांढरी जाळी पाहिली की तिचा नीटनेटकेपणा टोचतो.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. जगभर हौशी विणकाम ज्या स्वस्त लोकरीने चालतं ती बहुतेकदा ॲक्रिलिक असते. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. धुतलं की त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि गटार, नदी करत समुद्र गाठतात. समुद्राचं दुःख प्लास्टिकच्या धाग्याने विणायचं, हा विरोधाभास या कामाच्या अंगावरच आहे. बहिणींना तो ठाऊक नव्हता असं मात्र नाही. त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या कापून त्यांचीच प्रवाळं विणली. शिवाय चार वर्षं आपल्या घरातला सगळा प्लास्टिक कचरा फेकून न देता साठवला आणि तो ढीग कामाचा भाग म्हणून मांडला. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात सगळ्यात खरा भाग तो ढीगच. तिथे झालर नाही, कौशल्य नाही, फक्त दोन माणसांनी चार वर्षांत काय वापरलं त्याचा हिशोब आहे.

भवानी पेठेला हा हिशोब वेगळ्या बाजूने माहीत आहे. सुती सोलापुरी चादर धुऊन धुऊन मऊ होते, फाटली की पोतेरं होते, शेवटी मातीत मिसळते. तिची जागा घराघरांत पॉलिस्टरच्या गुबगुबीत ब्लँकेटने घेतली आहे, कारण ते स्वस्त आणि ऊबदार वाटतं. ते मात्र मातीत मिसळत नाही. हा बदल आपण बाजारातली स्पर्धा म्हणून मोजतो. समुद्राच्या खात्यात तो कुणी मांडलेला नाही.

आडवा धागा, एक वर्ष

धाग्यातून आलेलं दुसरं एक काम तुम्ही बहुधा पाहिलं आहे, कुणाच्या तरी डीपीत किंवा टी-शर्टवर. निळ्यापासून गडद लालपर्यंत जाणारे उभे पट्टे, एका वर्षाला एक पट्टा. वर्ष सरासरीपेक्षा थंड असेल तर निळा, उष्ण असेल तर लाल. आकडे नाहीत, अक्ष नाहीत. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये हे ‘वॉर्मिंग स्ट्राइप्स’ प्रसिद्ध केले. त्याची प्रेरणा होती एक क्रोशाची दुलई. त्याच विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी २०१७ मध्ये वर्षागणिक तापमानाचे रंग घेऊन ती विणली होती.

म्हणजे इथे कलावंत आणि वैज्ञानिक एकाच बाईच्या दोन हातांत आहेत. पट्टे जगभर गेले, दुलई मागे पडली. मला वाटतं, दुलई जास्त चांगली आहे.

याचं कारण मागावर बसणारा लगेच सांगेल. चादरीत ताणा आधीच बांधलेला असतो. आडवा बाणा एकेक करून बसत जातो आणि कापड पुढे सरकतं. धोट्यातली कांडी बदलली की पट्ट्याचा रंग बदलतो. मधलाच एखादा पट्टा आवडला नाही म्हणून काढता येत नाही, तिथपर्यंत सगळं उसवावं लागतं. विणलेल्या कापडात वेळ असा अडकलेला असतो. स्क्रीनवरच्या पट्ट्यांत तो नसतो. ते एका क्लिकवर हजर होतात, टायवर छापले जातात, मगवर छापले जातात आणि हळूहळू नुसती डिझाइन होऊन बसतात. दुलई विणणाऱ्या बाईला मात्र लाल रंगाचा प्रत्येक टाका घालावा लागला. शेवटच्या ओळींना आल्यावर निळ्या गुंड्याला हातच लागत नाही, हे तिच्या बोटांना कळलं असणार.

पट्ट्यांची आणखी एक मर्यादा आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. जमिनीजवळची हवा आणि समुद्राचा पृष्ठभाग, एवढंच तापमान त्यांत येतं. पृथ्वीवर साठणाऱ्या जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राच्या पोटात जाते. लाल पट्टे पाहून आपण घाबरतो, तेव्हा खरी उष्णता चित्राबाहेर खोल पाण्यात असते.

आपल्या किनाऱ्यावर

मुंबईलाही प्रवाळं आहेत, हे अनेक मुंबईकरांना कोस्टल रोडमुळे कळलं. २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. वाघाला जे संरक्षण कायद्याने आहे तेच या प्रवाळांना आहे, तरी रस्ता ठरलेला होता. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेऊन तिथले जीव दाखवले, नोंदवले. गिरगाव चौपाटीजवळ किंवा जुहूला काय जगतं हे त्यामुळे आपल्याला फोनवर दिसतं.

आपल्याकडच्या कलेत समुद्र कसा येतो हे पाहायचं, तर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल यांच्याकडे जावं लागतं. तांडेल म्हणजे होडीचा नाखवा. आडनावातच धंदा आहे. बोंबलासारख्या मासळीचे आकार त्यांच्या शिल्पांत येतात. कदंबरी कोळी-तांडेल यांच्यासह ते ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ चालवतात आणि कोळी समाजाचं खाणं, अवजारं, आठवणी जपून ठेवतात. वर्थाइम भगिनींच्या भित्तीत माणूस नाही. समुद्र रंगीत आणि निर्मनुष्य आहे, वाचवण्यासाठी थांबलेला. तांडेलांच्या कामात समुद्र म्हणजे कुणाचं तरी घर आणि रोजगार. तिथे भराव टाकला की मासळी जाते, मासळी गेली की शब्द जातात. कुठल्या पाण्यात कुठल्या वाऱ्याला काय मिळतं हे ज्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे, तो वैज्ञानिकासमोर ‘लाभार्थी’ म्हणून बसत नाही, जाणकार म्हणून बसतो.

कलावंत आणि वैज्ञानिक यांच्या जोडीत ही तिसरी खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असते: ज्याचं हातावर पोट आहे आणि ज्याच्या हातात ज्ञान आहे त्याची.

धागा तुटतो तेव्हा

भवानी पेठेत ती खुर्ची कुणाची असेल? सुती धाग्याला ओलावा लागतो. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होतं, ताण पडला की तुटतं. ओल मिळाली की तेच सूत बळकट होतं. खड्ड्याच्या मागावर पाय जमिनीत सोडून विणायच्या जुन्या पद्धतीला एक फायदा होता, मातीची ओल ताण्याला मिळायची. यंत्रमाग आला, पत्र्याच्या छपराखाली गेला. तिथे उन्हाळ्यात जमिनीवर पाणी मारावं लागतं. दिवसात किती वेळा धागा जोडावा लागला, यावरून विणकराला हवेचा अंदाज येतो. ज्याची मजुरी विणलेल्या नगांवर ठरते, त्याच्यासाठी प्रत्येक तुटलेला धागा म्हणजे बुडालेला पैसा.

आणि ती ओल येते कुठून? अरबी समुद्रातून आणि बंगालच्या उपसागरातून. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करतात. पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापला, हे त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. समुद्र तापला की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि मान्सूनचा जोर घटतो. त्याच वेळी, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० पासून अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या, हे २०१७ च्या अभ्यासात आहे. एरवी कोरडं, आणि पडला की धो धो. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेली प्रणाली दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्ह्यावर आली, तेव्हा पंढरपूरपर्यंत हाहाकार झाला. समुद्र लांब आहे हे तेव्हा कुणी म्हटलं नसतं.

म्हणून वाटतं, सोलापुरात असं काम करायचं झालं, तर बाहेरून रंगीत पट्ट्यांचा नमुना आणून जेकार्डच्या मागावर चादर विणून घेणं फार सोपं आहे, आणि फार कमी आहे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी साठवणारा हा माग १८०४ पासून आकड्यांचं कापड करतोय. तापमानाची एक रांग त्याला जड नाही. छान फोटो येतील, प्रदर्शन होईल, विणणारा ‘स्थानिक कारागीर’ या दोन शब्दांत मावेल. याउलट धागा किती वेळा तुटला याची नोंद विणकराने ठेवली, पुण्याच्या शास्त्रज्ञाने ती आर्द्रतेच्या नोंदींशेजारी लावली आणि चित्रकाराने त्या तुटण्यालाच नक्षी होऊ दिलं, तर कापडातली प्रत्येक गाठ हवेचा पुरावा होईल. टायमिनांच्या सुईने गणितासाठी जे केलं, त्याच्या जवळ जाणारं ते काम असेल. हात इथेही विचार करेल.

पण मग पैशाचं बोलावं लागेल. वर्थाइम भगिनींच्या कामात एक गोष्ट मनापासून आवडते: विणणाऱ्यांची नावं त्या लावतात, हजारोंनी. हे संग्रहालयांत क्वचित घडतं. तरीही ती नावं हौसेने वेळ देणाऱ्यांची आहेत, ज्यांना संध्याकाळ रिकामी मिळते. भवानी पेठेसारख्या वस्त्यांतल्या कितीतरी बायकांची बोटं तितकीच चपळ आहेत. ती विड्या वळतात, हजारी हिशोबाने. त्यांच्याकडे ‘या, समुद्रासाठी दोन प्रवाळं विणून द्या’ असं म्हणत कुणी गेलं, तर त्या हसतील, आणि हसण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. हौशी श्रमावर उभं राहिलेलं सौंदर्य मजुरीच्या गावात जसंच्या तसं आणता येत नाही. चादरीवर कारखान्याचं नाव असतं, विणणाऱ्याचं नसतं. कलादालनात गेल्यावर तिथे फक्त कलावंताचं नाव चढणार असेल, तर पेठेच्या दृष्टीने मालक बदलला एवढंच.

‘क्रोशे कोरल रीफ’ मी या सगळ्या आक्षेपांसह मोठं काम मानतो. रुखवतातल्या दुर्लक्षित टाक्याला त्याने गणिताच्या शेजारी बसवलं आणि समुद्राचं मरण सुईच्या टोकाशी आणलं. ते अपुरं पडतं ते मरणाच्या रंगाबाबत आणि श्रमाच्या किमतीबाबत. पुढच्या कामाने या दोन जागा भरून काढाव्यात. त्यासाठी त्याला समुद्रकिनाराच हवा असं नाही. हवेवर ज्यांचं पोट आहे अशा कुठल्याही पेठेत ते सुरू होऊ शकेल. अट एवढीच, की अंदाजपत्रकात विणणाऱ्याची मजुरी पहिल्या ओळीत असावी.